थंडीवर घेतलेला आळ

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनला सूर्य सकाळी ८ नंतर उगवतो आणि दुपारी ४ वाजायच्या आत मावळतो. त्याच दिवशी मुंबईत सुमारे ११ तास उजेड असतो. तिकडे नोकरीला गेलेल्या मुलाने दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात फोनवर सांगितलं की उठवत नाही, कशात मन लागत नाही, तर इकडून निदान ठरलेलं असतं: थंडी बाधली. मग लोकरीचे कपडे, सुंठीचा चहा, हीटर. हा सल्ला मायेचा आहे, पण आरोपी चुकीचा पकडला आहे. दर हिवाळ्यात परतून येणाऱ्या नैराश्याचा संबंध तापमानापेक्षा उजेडाशी आहे, आणि एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली की या आजाराविषयीचे बरेच गैरसमज आपोआप गळून पडतात.

याचा पुरावा प्रयोगशाळेतून आला. तीव्र प्रकाशाने माणसाच्या रक्तातलं मेलाटोनिन हे रात्रीचं संप्रेरक दबतं, असं आल्फ्रेड लेवी आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवलं. तोवर माणूस त्याबाबत इतर प्राण्यांसारखा नाही, असाच समज होता. नॉर्मन रोझेन्थाल हे दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातून अमेरिकेत आलेले मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी १९८४ मध्ये अशा २९ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्यांतल्या काहींवर प्रखर दिव्यांचा उपचार करून पाहिला. थंडी तीच, घर तेच, बदलला तो फक्त उजेड, आणि माणसं सावरली. लक्षणंही नेहमीच्या नैराश्याच्या उलटी होती. एरवी झोप उडते, अन्नावरची वासना जाते. इथे झोप संपत नाही, गोडाधोडाची आणि पावाबटाट्याची ओढ लागते, वजन वाढतं. म्हणून तर घरच्यांना हा आजार दिसतच नाही, दिसतो तो आळस. दिवसभर लोळून वर ताटभर जेवणाऱ्याला उदास कोण म्हणेल? वैद्यकशास्त्र मात्र त्याला नैराश्याचाच ऋतूशी बांधलेला प्रकार मानतं. सलग दोन वर्षं तरी तेच चक्र दिसलं तरच. एखाद्या कंटाळवाण्या रविवाराला हे नाव देऊ नये.

‘मग घरातले सगळे दिवे लावून बसू,’ असं कुणी म्हणेल. इथे डोळा आपल्याला फसवतो. कमी-जास्त उजेडाला तो इतक्या सफाईने जुळवून घेतो की झगझगीत दिसणारी खोलीही प्रत्यक्षात काहीशे लक्सच्या पुढे क्वचित जाते. ढगाळ आकाशाखालीसुद्धा दिवसा त्याच्या कितीतरी पट उजेड असतो आणि भर उन्हात तो लाखाच्या घरात जातो. उपचाराचा दिवा साधारण १०,००० लक्सचा असतो. तो हातभर अंतरावर ठेवून सकाळी उठल्याउठल्या अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं. टक लावून पाहायचं नाही, चहा प्यायचा, पेपर वाचायचा. सकाळच अशासाठी, की उशिरा उजाडल्याने शरीरातलं घड्याळ मागे पडतं आणि सकाळचा प्रकाश त्याला पुढे ओढतो. संध्याकाळचा प्रकाश ते आणखी मागे ढकलतो. हे काम त्वचा करत नाही, डोळा करतो. चांगल्या दिव्यांतून अतिनील किरण गाळलेलेच असतात, म्हणजे ड जीवनसत्त्वाशी या उपचाराचा संबंध नाही. त्या गोळ्या हाडांसाठी जरूर घ्याव्यात, विशेषतः सावळ्या कातडीच्या माणसांनी. मनावरचं मळभ त्यांनी हटतं, असं मात्र अभ्यासांत खात्रीने दिसलेलं नाही.

आता खरी अडचण. दोष अंधाराचाच असेल, तर जिथे जवळपास दोन महिने सूर्य क्षितिजावर येत नाही त्या नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत सगळं गाव अंथरुणाला खिळायला हवं. तसं होत नाही. आइसलँडमध्ये या आजाराचं प्रमाण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षाही कमी आढळलं, आणि कॅनडात स्थायिक झालेल्या आइसलँडी वंशजांतही ते कमीच निघालं. अमेरिकेत ३४,००० हून अधिक प्रौढांच्या पाहणीवर आधारलेल्या २०१६ च्या अभ्यासाला तर नैराश्य आणि ऋतू यांत काही नातंच सापडलं नाही. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. हिवाळ्यात अख्खा समाज खचतो, हा समज त्याने खोटा ठरतो, आणि ठरावाच. पण समाजाच्या सरासरीत थोड्यांचं दुखणं बुडून जातं. अंधार एकट्याने कुणाला पाडत नाही. ज्याच्या प्रकृतीत ती जात्याच नाजूक जागा आहे, त्याला पाडतो.

दिवा हा एकच मार्ग आहे असंही नाही. कॅनडातल्या ९६ रुग्णांवरच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवा आणि फ्लुओक्सेटिन ही गोळी यांचा गुण सारखाच आला: दोन्हीकडे ६७ टक्के. विचारांची आणि वागण्याची घडी बदलणारी सीबीटी ही बोलून करायची उपचारपद्धती पुढच्या हिवाळ्यांसाठी अधिक टिकाऊ दिसते. अमेरिकेत १७७ जणांवर केलेल्या तुलनेत दुसऱ्या हिवाळ्यात नैराश्य परतलं ते सीबीटी घेतलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांत, दिवा वापरलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्क्यांत. मात्र ज्यांना उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येतं किंवा दृष्टिपटलाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा विकत आणू नये. पहिल्यांत प्रखर प्रकाशाने उन्माद उसळू शकतो.

युरोपात घड्याळं मागे जातात ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, बहुधा दिवाळीच्या मागेपुढे. दरवर्षी त्रास होणाऱ्याने डॉक्टरांना गाठायची वेळ तीच. जानेवारीपर्यंत थांबणं म्हणजे अर्धा पावसाळा गळक्या घरात काढून मग कौलं शाकारणं. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो खरा, पण म्हणून नजर काढून घेऊ नका: अनेक देशांत आत्महत्यांचं प्रमाण वाढतं ते हिवाळ्यात नव्हे, वसंतात. जगणं नकोसं वाटतंय असं कुणी बोललं, तर अमेरिका आणि कॅनडात ९८८, इंग्लंडमध्ये १११ लावून २ दाबा, भारतात १४४१६.