१७ वर्षांच्या रुग्णाला 'शॉक' देता येतो का? कायदा काय सांगतो?

समजा, १७ वर्षांचा मुलगा कॅटाटोनियात गेला आहे. बोलणं बंद, अन्नपाणी बंद. हात उचलून धरला तर तसाच राहतो. लोराझेपाम देऊनही फरक पडला नाही, तर डॉक्टर ईसीटीचा, म्हणजे बोलीभाषेतल्या 'शॉक'चा विचार करतात.

सिनेमात दाखवतात तसा रुग्णाला बांधून शॉक देणं आता बेकायदा आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊन मेंदूत विजेने काही सेकंदांची फिट आणली जाते. किशोरवयात ती प्रौढांपेक्षा कमी विजेत येते, पण लांबूही शकते. त्यामुळे मात्रा जपून ठरवावी लागते.

मोठा फरक परवानगीत आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ नुसार १८ वर्षांखालील रुग्णांना ईसीटी देण्यास मनाई आहे. मानसोपचारतज्ज्ञाला गरज वाटलीच, तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी, दोन्ही लागतात. प्रौढांसाठी मंडळाकडे जावं लागत नाही.

मग 'इमर्जन्सी' म्हणून लगेच देता येईल का? नाही. कलम ९४ ने तीही वाट बंद केली आहे, तीसुद्धा सर्व वयांसाठी. म्हणजे मंडळाचा निर्णय येईपर्यंत या मुलाला सलाईन आणि नाकातल्या नळीवरच ठेवावं लागतं.