बहुमताची खरी कसोटी

लोकशाही म्हणजे बहुमताचे राज्य, अशी सुटसुटीत व्याख्या शाळेत आम्ही शिकलो आणि पुढे काही वर्षे मुलांना शिकविलीही. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. जो समाज कोणत्याही निवडणुकीत कधीही बहुमतात येणार नाही, त्याने आपले गाऱ्हाणे कोठे मांडावे, या प्रश्नाचे उत्तर त्या व्याख्येत सापडत नाही. जर्मनीच्या उत्तर टोकाला असलेल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यातील एका चिमुकल्या पक्षाची हकीकत या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे.

श्लेस्विगचा प्रदेश डेन्मार्कने 1864 च्या युद्धात गमावला. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 साली, तेथे सार्वमत घेण्यात आले. उत्तर भागाने डेन्मार्कची निवड केली, फ्लेन्सबुर्ग शहरासह मध्य भागाने जर्मनीची. लोकमताने आखलेली ही सीमा न्याय्य होती, यात शंका नाही. तथापि सीमा कितीही न्यायाने आखली, तरी तिच्या दोन्ही बाजूंस माणसे उरतातच. उत्तरेकडे जर्मन उरले, दक्षिणेकडे डेनिश उरले. आणि पश्चिम किनाऱ्यावरील फ्रिझियन लोकांना तर पाठीशी उभे राहणारे स्वतःचे राष्ट्रच नव्हते. या डेनिश आणि फ्रिझियन लोकांचा राजकीय पक्ष म्हणून 1948 साली ‘दक्षिण श्लेस्विग मतदार संघ’ जन्मास आला.

जर्मनीत पाच टक्के मते न मिळविणाऱ्या पक्षास सामान्यतः विधिमंडळात जागा मिळत नाही. 1954 च्या राज्य निवडणुकीत या संघास 42 हजारांवर मते पडली; परंतु ती साडेतीन टक्केच भरली आणि संघाचा एकही प्रतिनिधी निवडून आला नाही. पुढल्याच वर्षी, 29 मार्च 1955 रोजी, बॉन आणि कोपनहेगन येथील सरकारांनी दोन घोषणा केल्या आणि त्यानंतर संघास पाच टक्क्यांच्या अटीतून सूट मिळाली. तो तह नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रत्येक सरकारने आपल्या घरातील अल्पसंख्यांना आपण काय देणार, एवढेच सांगितले. शेजाऱ्याने आमच्या माणसांना काय द्यावे, याची यादी कोणी वाचली नाही. शिवाय आपण डेनिश आहोत असे म्हणण्यास प्रत्येक जण मोकळा आहे आणि त्याची शहानिशा कोणत्याही अधिकाऱ्याने करू नये, असे बॉनच्या घोषणेने मान्य केले. माणसाने आपली ओळख स्वतः सांगावी आणि राज्याने ती ऐकून घ्यावी, याहून सभ्य तत्त्व आम्हांस ठाऊक नाही.

ही सवलत इतर पक्षांवर अन्याय करणारी नाही काय, असा आक्षेप घेतला जातो. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण सूट म्हणजे फुकटची जागा नव्हे. एका जागेपुरती मते संघास मिळवावीच लागतात. आक्षेपाची धार वाढते ती ही एखादी जागा निर्णायक ठरते तेव्हा. 1987 साली कील येथील विधिमंडळात दोन्ही बाजू समसमान झाल्या आणि संघाचे एकमेव सदस्य कार्ल ओटो मायर यांच्या मताकडे सर्वांचे डोळे लागले. 2005 साली संघाने अल्पमतातील सरकारला पाठिंबा देऊ केला, तेव्हा सवलतीने आलेल्यांनी सरकारे ठरवू नयेत, अशी ओरड झाली. एका अज्ञात मताच्या अभावी हायडे सिमोनिस यांची निवड चार फेऱ्यांनंतरही होऊ शकली नाही, आणि तो प्रयोग तेथेच संपला. परंतु प्रतिनिधी एकदा सभागृहात बसला की त्याचे मत अर्धे कसे मोजणार? 2012 साली संघ उघडपणे सत्तेत सहभागी झाला, आन्के स्पोरेनडोंक मंत्री झाल्या आणि 2013 साली राज्याच्या घटना न्यायालयाने ही सूट वैध ठरविली.

विधिमंडळातील आवाजाचे मोल किती, हे 2010 साली दिसले. काटकसरीचे कारण सांगून तेव्हाच्या राज्य सरकारने डेनिश शाळांचे दर विद्यार्थ्यामागील अनुदान शंभरावरून पंच्याऐंशी टक्क्यांवर आणले. भाषा मारण्यासाठी तिच्यावर बंदी घालावी लागत नाही. शाळेच्या हिशेबवहीत एक आकडा बदलला तरी पुरते. संघ सत्तेत आल्यावर समान अनुदान पुन्हा सुरू झाले. 2021 साली श्टेफान झाइडलर हे संघाच्या वतीने जर्मन संसदेत निवडून गेले आणि 2025 मध्ये पुन्हा निवडून आले. 2022 च्या राज्य निवडणुकीत तर संघाने 5.7 टक्के मते मिळविली. म्हणजे जी सूट सलत होती, तिची त्या वेळी गरजही उरली नाही. शेजारच्या जर्मनांनीही संघास मते दिल्यावाचून हे घडले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

या कहाणीत आमच्या घरचे प्रतिबिंब आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर येथील मराठी माणसाच्या शाळेसाठी आणि त्याच्या भाषेतील सरकारी कागदासाठी महाराष्ट्र कळकळीने बोलतो, आणि ते योग्यच आहे. सीमेचा वाद 2004 पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील. परंतु मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगणारे राज्यघटनेचे 350-अ हे कलम 1956 पासून कर्नाटकास जितके लागू आहे, तितकेच महाराष्ट्रासही आहे. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड शाळा आहेत, मालेगावात आणि भिवंडीत उर्दू शाळा आहेत. तेथील शिक्षकाची रिकामी जागा वेळेवर भरली जाते काय, पुस्तके जूनमध्ये हाती पडतात काय, हे आपण कधी विचारतो?

बॉन आणि कोपनहेगन यांनी 1955 साली शेजाऱ्याचे दार ठोठावण्यापूर्वी आपले दार उघडले. बेळगावच्या मुलासाठी आपण जे मागतो, ते जतच्या मुलाला न मागता देऊ, तेव्हा आपल्या मागणीस खरे वजन येईल.