डोलवीच्या खाडीकाठी ‘कॅलिप्सो’

डोलवीत रात्रपाळी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. धरमतर खाडीच्या जेटीवर रात्रीही बार्जमधून खनिज उतरत असतं. म्हणूनच हॅरी बेलाफोंटेचा ‘कॅलिप्सो’ हा 1956 चा अल्बम इथे बसून ऐकायला मजा येते. त्याचं पहिलंच गाणं, ‘डे-ओ’, जमैकाच्या धक्क्यावर रात्रभर केळीचे घड बोटीत चढवणाऱ्या हमालांचं आहे. उजाडलंय, मोजदाद करणाऱ्या कारकुनाने माल मोजावा आणि आम्हाला घरी सोडावं, एवढीच मागणी!

गंमत म्हणजे, नाव कॅलिप्सो असलं तरी त्यातली बरीच गाणी त्रिनिदादच्या कॅलिप्सोची नाहीतच, जमैकाच्या ‘मेंटो’ लोकसंगीताच्या जवळची आहेत. बहुतेक गाणी आयर्विंग बर्जीच्या लेखणीतून आलेली. बेलाफोंटे न्यूयॉर्कचा, पण आई जमैकाची आणि बालपणाची काही वर्षंही तिथेच गेलेली. अमेरिकेत हा अल्बम 31 आठवडे पहिल्या क्रमांकावर होता.

गिटार हलकी, आवाज सैल, कुठे घाई नाही. एक जण ओळ टाकतो, बाकीचे झेलतात, आपल्या कोळीगीतांसारखंच. माझ्या मते ‘जमैका फेअरवेल’ सर्वांत गोड. अकरा गाणी, जेमतेम अर्धा तास. पाळीवरून आल्यावर चहासोबत लावून बघा.