‘टॅब पण, लॅपटॉप पण’ स्वस्तात मिळतोय? आधी काम ठरवा, मग सूट बघा

भिवंडी : दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी एक विषय निघतोच. पोराला किंवा पोरीला लॅपटॉप घ्यायचा. नेमकी त्याच वेळी मोबाइलवर जाहिरात येते. पडदा कीबोर्डपासून सुटा होतो, बोटाने चालतो, परत जोडला की लॅपटॉप. वरची किंमत खोडलेली, खाली निम्मी लिहिलेली आणि शेजारी ‘आज रात्रीपर्यंतच’. दोन वस्तू एकाच्या पैशात मिळतात असं वाटतं आणि बोट बटणाकडे जातं.

तिथेच जरा थांबायला हवं. समजा, वस्तू १५ हजारांची आहे. २०२५-२६ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. त्या हिशेबाने १५ हजार म्हणजे सहा क्विंटलहून जास्त भात. एवढा माल देऊन घेतलेली वस्तू वर्षभरात अडून बसली, तर सूट कितीही मोठी असो, तो व्यवहार महागच पडला.

हे यंत्र नेमकं काय असतं?

बाजारात याला ‘टू इन वन’ म्हणतात. त्यात दोन घाट आहेत. एकात पडदा पूर्ण सुटा होतो. सगळं यंत्र, बॅटरीसुद्धा, पडद्यामागेच असतं आणि कीबोर्ड नुसता जोडायचा असतो. दुसऱ्यात पडदा सुटा होत नाही, पूर्ण मागे वळतो. हा दुसरा प्रकार मुळात लॅपटॉपच असतो, त्यामुळे मांडीवर घेऊन टाईप करायला घट्ट बसतो. सुट्या पडद्याचा प्रकार हलका खरा, पण त्याला टेकू लागतो. टेबल नसलेल्या घरात ही अडचण रोजची होते.

त्याहून मोठा फरक आतल्या सिस्टिमचा आहे. बाहेरून सारखी दिसणारी यंत्रं आत वेगळी असतात. कुणात विंडोज, कुणात अँड्रॉइड, कुणात क्रोम. अँड्रॉइडच्या टॅबला कीबोर्ड जोडला म्हणून तो लॅपटॉप होत नाही. कॉमर्सच्या मुलाला लागणारं टॅली हे विंडोजसाठी बनवलेलं आहे, ते अँड्रॉइडवर बसवता येत नाही. जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी चावी वापरायची असेल, तरी सहसा विंडोजच लागतं. क्रोमबुक इंटरनेटवरच्या कामाला बरं, पण त्याच्या प्रत्येक मॉडेलला अपडेट बंद होण्याची तारीख ठरलेली असते. जुनं मॉडेल स्वस्तात मिळत असेल तर ती तारीख आधी बघावी.

एवढं स्वस्त का देतात?

पहिली गोष्ट, खोडलेली किंमत ही बहुतेक वेळा छापील एमआरपी असते. त्या किमतीला ती वस्तू कधी विकली गेली असेलच असं नाही. म्हणून ‘६० टक्के सूट’ या आकड्याला फार अर्थ नाही. तीच वस्तू दुसऱ्या दोन ठिकाणी आज कितीला मिळते, हीच खरी तुलना.

दुसरी गोष्ट विंडोज १० ची. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा नेहमीचा आधार बंद केला. घरगुती वापरणाऱ्यांना नोंदणी करून सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, घेता येतील असं जाहीर झालं. आधार संपला म्हणून यंत्र बंद पडत नाही. पण नव्या व्हायरसपासून संरक्षण मिळत नाही आणि अशा यंत्रावर बँकेचा पासवर्ड टाकणं धोक्याचं ठरतं.

मग विंडोज ११ टाकून घेऊ, असं दुकानदार म्हणेल. त्यासाठी कंपनीच्या अटी आहेत. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा चिप आणि यादीत बसणारा प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. इथेच बरेच जण फसतात. ‘आय फाइव्ह’ एवढं स्टिकर बघून खूश होतात. आय फाइव्हच्या पुढचा आकडा बघा. तो ६२०० किंवा ७२०० असेल, तर सहाव्या-सातव्या पिढीचं जुनं यंत्र. ८२५० असेल, तर आठव्या पिढीचं. अटीत न बसणाऱ्या यंत्रावर जुगाड करून विंडोज ११ टाकून देणारे आहेत, पण त्यावर पुढचे अपडेट येत राहतील याची हमी कुणीच देत नाही.

अटीत न बसणारी यंत्रं बदलणं भल्याभल्या ऑफिसांनाही भाग पडतं. ऑफिसांनी काढलेला माल पुढे सेकंडहँड बाजारात येतो. तो सगळाच वाईट असतो असं नाही, उलट काही चांगली यंत्रं त्यातच मिळतात. पण बघून घ्यावी लागतात.

‘गोदामातला माल’ म्हणजे काय?

भिवंडीत आणखी एक बोलणं कानावर येतं. ‘आपल्याच गोदामातला माल आहे, बिल नाही, पण एकदम कोरा.’ मुंबईत २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत जकात होती. त्या काळात शहराच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या जागेत गोदामं वाढली. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली ते पार सोनाळे-पडघ्यापर्यंत ती पसरली. ऑनलाइन विकला जाणारा बराच माल इथूनच सुटतो. पण माल इथे ठेवला म्हणून तो इथे स्वस्त होत नाही. तो मालकाचा असतो आणि विकताना त्याचं बिल होतं.

बिल नसलं तर वॉरंटी मागताना हातात काही राहत नाही आणि तक्रारही उभी राहत नाही. माल चोरीचा निघाला तर पोलिस तो जप्त करतात. चोरीचा आहे हे माहीत असून घेणं हा गुन्हाच आहे. चार पैसे वाचवायला जाऊन पोलिस ठाण्याच्या चकरा मारायची वेळ येते.

बिलासकट मिळणारा ‘ओपन बॉक्स’ किंवा ‘रिफर्बिश्ड’ माल ही वेगळी गोष्ट. ओपन बॉक्स म्हणजे खोका उघडलेला, ग्राहकाने परत केलेला माल. रिफर्बिश्ड म्हणजे वापरलेला, तपासून-दुरुस्त करून परत विकायला काढलेला. दोन्हींत वॉरंटी कोण देणार, कंपनी की विकणारा, आणि किती महिने, हे बिलावर लिहून घ्यावं.

फायदे कुठे, तोटे कुठे?

फायदे आहेतच. वजन कमी, एसटीतून कॉलेजला नेता येतं. पीडीएफ पुस्तकं पडद्यावर उभी धरून वाचता येतात. पेन चालत असेल तर गणिताच्या पायऱ्या, आकृत्या हाताने लिहिता येतात. बॅटरी असल्यामुळे वीज गेली तरी अभ्यास थांबत नाही.

तोटे मात्र जाहिरातीत नसतात. सुट्या पडद्याच्या यंत्रात बहुधा रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. बॅटरी डिंकाने चिकटवलेली, पडदा काचेला जोडलेला. पडला-फुटला तर गावातल्या दुकानात काम होत नाही आणि खर्च कधी कधी यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो. यूएसबीचं तोंड एखादंच, मग माऊस आणि पेनड्राइव्हसाठी वेगळा जोड घ्यावा लागतो. सिमची सोय बऱ्याच यंत्रांत नसते, म्हणजे इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच. आणि काही जाहिरातींत फोटो कीबोर्डसकट, पण किंमत नुसत्या पडद्याची असते. कीबोर्ड आणि पेनचे पैसे मिळवूनच हिशेब करा.

कुणी घ्यावं, कुणी नको?

नुसती शेतीची कामं असतील तर घाई नको. ई-पीक पाहणी मोबाइल ॲपवरूनच होते. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून मोबाइलवरही काढता येतो. त्यासाठी हजारो रुपये घालायची गरज नाही.

अकरावी-बारावीचे व्हिडिओ, नोट्स, ऑनलाइन फॉर्म एवढंच काम असेल, तर चांगल्या कंपनीचा नवा साधा टॅबही पुरतो. सरकारी टायपिंगच्या परीक्षेची ३० किंवा ४० शब्दांची गती गाठायची असेल, तर लहान, लवचिक कीबोर्डवर हात बसत नाही. पूर्ण कीबोर्डचा लॅपटॉप बरा. टॅली, कोडिंग, इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग यांना किमान ८ जीबी रॅम आणि एसएसडी धरूनच चाला. तेवढ्या पैशात बिल-वॉरंटीचा साधा लॅपटॉप मिळत असेल, तर सुट्या पडद्याचा मोह सोडावा. लिहिणं-वाचणं जास्त, रोजचा प्रवास आणि हलकं काम, अशा विद्यार्थ्याला मात्र हे यंत्र खरोखर उपयोगी पडतं.

पैसे देण्याआधी एवढं बघा

१. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि मग ‘अबाउट’ उघडा. प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि रॅम तिथे दिसते. जाहिरातीशी ताडून पाहा.

२. रॅम ४ जीबी आणि साठवण ६४ जीबी ही विंडोज ११ ची किमान पायरी आहे, चांगली नव्हे. ‘ईएमएमसी’ लिहिलं असेल तर साठवण संथ समजा.

३. यंत्र सुरू करताना कुठल्या कंपनीचा ई-मेल किंवा पासवर्ड मागत असेल, तर घेऊ नका. ते ऑफिसच्या नावावर अडकलेलं असू शकतं.

४. विंडोजमध्ये ‘बॅटरी रिपोर्ट’ काढता येतो. दुकानदाराला काढायला सांगा. मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही त्यात कळतात.

५. सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी शिल्लक आहे का ते बघा. नव्या यंत्रावर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नंबर असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो.

६. ऑनलाइन घेताना ‘रिटर्न’ आहे की नुसतं ‘रिप्लेसमेंट’, ते वाचा. रिप्लेसमेंट असेल तर पैसे नव्हे, वस्तू बदलून मिळते. खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा.

७. ‘नो कॉस्ट’ हप्त्यातही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागू शकतो. एकूण किती भरणार, तो आकडा विचारा.

फसलात तर काय करायचं?

आधी विकणाऱ्याच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे भिवंडीकरांना ठाण्यातच. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पैसे घेऊन कुणी गायब झालं, खोटी लिंक निघाली, तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे अडवणं अवघड.

या सगळ्या ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारतात : बिल आहे का? म्हणून काम कागदावर लिहा, प्रोसेसरचा नंबर बघा, बिल घ्या. एवढं जुळलं तर सूट खरी. नाही तर जाहिरात पुढच्या महिन्यातही येणार आहे.