मंजुरीपत्राची मागली पाने

संशोधनासाठी शासनाकडून मिळणारा पैसा विद्यापीठाच्या दारी प्रथम पैशाच्या रूपाने येत नाही, तो मंजुरीपत्राच्या रूपाने येतो. आणि ह्या पत्राचे पहिले पान जितके हर्षदायक तितकीच त्याची मागली पाने रुक्ष असल्यामुळे, संशोधक पहिले पान वाचून पेढे आणावयास माणूस धाडतो, आणि मागली पाने ज्याच्या वाट्याला येतात तो मनुष्य, ज्याला कोठे संशोधन-अधिकारी म्हणतात, कोठे प्रकल्प-लेखापाल, तर कोठे नुसते ‘अकाउंट्सवाले’, तो चष्मा पुसून त्या पानांच्या समासात पेन्सिलीने खुणा करावयास बसतो. पेढा त्यालाही मिळतो, पण तो बहुधा सायंकाळी.

अशा एका दप्तरात मला पुष्कळ काळ बसावयास मिळाले. गोरेगावच्या पूर्वेस द्रुतगती महामार्ग सोडून जनरल वैद्य मार्ग जेथे चित्रनगरीच्या दिशेने चढू लागतो, त्या दिंडोशीच्या मुलखाची ख्याती बाहेरच्या लोकांत चित्रपटांमुळे, न्यायालयामुळे किंवा मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीने उभ्या राहिलेल्या नागरी निवाऱ्यामुळे आहे. परंतु ह्याच बाजूस रिझर्व्ह बँकेने स्थापिलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, उत्तम जैन ह्या वास्तुशिल्पज्ञांनी रचिलेल्या तिच्या वास्तूचे उद्घाटन १९८७ च्या डिसेंबरात राजीव गांधींच्या हस्ते झाले, किरीट पारीख तिचे पहिले संचालक होते आणि १९९५ पासून ती अभिमत विद्यापीठ आहे, हे शेजारच्या सोसायट्यांतील कित्येकांच्या गावीही नसते. मी वर्णितो ते दप्तर मात्र ह्या संस्थेचे नव्हे. ते उपनगरातीलच दुसऱ्या एका संस्थेचे, आणि नाव घ्यावयाचे नाही ह्या बोलीवरच मला तेथे खुर्ची मिळाली होती.

त्या दप्तराच्या प्रमुख एक बाई आहेत. शिपायापासून कुलसचिवांपर्यंत सारे त्यांना ‘मॅडम’ म्हणतात. मंजुरीपत्र हाती आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न रकमेविषयी नसतो. हे अनुदान आहे की कंत्राट, हा तो प्रश्न असतो. मंत्रालय तेच, प्राध्यापक तेच, विषयही कदाचित तोच. परंतु संस्थेला जे शोधावयाचे आहे त्याला शासनाने हातभार लावला तर ते अनुदान, आणि शासनाला जे हवे आहे ते त्याने संस्थेकडून विकत घेतले तर ते कंत्राट. पहिल्यात खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, दुसऱ्यात कामाचा. पहिल्यात शिल्लक राहिली तर परत करावी लागते, दुसऱ्यात उशीर झाला तर विलंबदंड भरावा लागतो. आणि जमविलेल्या माहितीवर मालकी कोणाची, ती प्रसिद्ध करण्यापूर्वी कोणाची अनुमती हवी, हे सारे त्या एका उत्तरावर ठरते. प्राध्यापकांना हा भेद शब्दच्छल वाटतो. पण २०२४ साली काही नामांकित शिक्षणसंस्थांना, संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानावर वस्तू व सेवा कर का भरला नाही अशा नोटिसा गेल्या, रकमा कोटींच्या घरात होत्या, आणि अखेर त्या वर्षीच्या ९ सप्टेंबरच्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने निर्णय घेऊन १० ऑक्टोबरपासून विद्यापीठांच्या व मान्यताप्राप्त संशोधनसंस्थांच्या अनुदानित संशोधनाला करमाफी दिली, तेव्हा हा भेद शंभरास अठरा रुपयांचा आहे हे सर्वांच्या ध्यानी आले. सल्लागारीच्या कामाला ती माफी नाही. म्हणूनच मसुद्यात कोठे ‘शुल्क’ हा शब्द आला की मॅडमची पेन्सिल तेथे थांबते आणि मसुदा खुलाशासाठी मंत्रालयाकडे परत जातो.

दुसरा प्रश्न नियमांचा. केंद्र शासनाचे सामान्य वित्तीय नियम १९४७ साली प्रथम एकत्र प्रसिद्ध झाले, १९६३, २००५ आणि २०१७ साली ते नव्याने बांधले गेले, आणि त्यांतील सहावे प्रकरण खरेदीचे व नववे अनुदानाचे, ही दोन प्रकरणे ह्या दप्तरात हाताळून हाताळून इतकी मऊ झाली आहेत की पुस्तक टेबलावर ठेवले तर ते आपोआप त्यांच्यापाशीच उघडते. ह्या नियमांना नावे ठेवण्याची विद्वज्जनांत प्रथा आहे. मला ते वाचताना निराळाच अनुभव आला. एकविसावा नियम सांगतो तो इतकाच की, सामान्य शहाणपणाचा मनुष्य स्वतःचा पैसा खर्च करताना जेवढी दक्षता बाळगतो तेवढी सरकारी पैशाच्या बाबतीत बाळगावी; आणि पुढचे पुष्कळसे नियम म्हणजे, कोणीतरी कधीतरी ती बाळगली नाही त्याची नोंद होय. मागणीचे तुकडे पाडून मर्यादेखालची छोटी छोटी खरेदी करू नये, असे एकशे सत्तावन्नावा नियम बजावतो. असे तुकडे पूर्वी कोणीच पाडले नसते तर हा नियम लिहिण्याची बुद्धी कोणाला झाली असती?

तथापि ह्या दप्तरात बसून माझे जे मत झाले ते असे, की संशोधकाला जाचते ते बहुतांशी नियमाचे नसून नियमाच्या भीतीचे काम असते. ‘तीन दरपत्रके’ हे त्याचे ठळक उदाहरण. लहान खरेदीलाही तीन दरपत्रके लागतात, हे वाक्य मी जितक्यांच्या तोंडून ऐकले तितक्यांना, ते कोणत्या नियमात आहे, असे विचारले, आणि ‘नियमच आहे तसा’ ह्यापलीकडे उत्तर मिळाले नाही. प्रत्यक्षात एकशे चोपन्नावा नियम ठरावीक मर्यादेपर्यंत दरपत्रकावाचून खरेदी करू देतो. माल योग्य प्रतीचा आहे, विश्वासू विक्रेत्याकडून वाजवी दराने घेतला आहे, असे खरेदी करणाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहून दिले की पुरे. त्यापुढच्या पायरीवर, एकशे पंचावन्नाव्या नियमात, तीन हा आकडा येतो खरा, पण तो दरपत्रकांचा नाही, माणसांचा आहे: तीन सदस्यांच्या समितीने बाजारात चौकशी करून दर, प्रत आणि विक्रेता निश्चित करावा. तीन माणसांनी बाजारात जाण्याऐवजी तीन कागद टेबलावर यावेत, हे केव्हा आणि कोणाच्या सोयीने रूढ झाले कोण जाणे. परंतु त्या तीन कागदांपैकी दोन पुष्कळदा पहिल्याच विक्रेत्याने आपल्या ओळखीच्यांकडून आणून दिलेले असतात, ही गोष्ट दप्तरातील शिपायालाही ठाऊक असते.

एका दुपारी रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक एका लहानशा उपकरणाची नस्ती घेऊन आले. किंमत एक लाख ऐंशी हजार. नस्तीवर तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, विभागप्रमुखांची शिफारस, सारे यथासांग होते, आणि हे सारे जमवण्यात पावसाळा सरला होता.

“मॅडम, आता तरी होईल ना हो?” ते म्हणाले.

“सर, हे आधीच झालं असतं,” मॅडम म्हणाल्या. “दोन लाखांपर्यंत कोटेशन लागतच नाही आता. तुम्ही एक सर्टिफिकेट लिहून द्यायचं होतं फक्त.”

प्राध्यापकांनी मॅडमनी पुढे केलेला आदेश वाचून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि मग जे म्हणाले ते मार्मिक होते: “तरी पण असू देत ही तीन. उद्या ऑडिटला कोण उत्तर देणार?”

तो आदेश जून २०२५ चा. वैज्ञानिक संशोधनाच्या खरेदीसाठी केंद्रीय वित्त मंत्रालयाने त्यात दरपत्रकावाचूनची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर आणि समितीमार्फत खरेदीची मर्यादा दहा लाखांवरून पंचवीस लाखांवर नेली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, २०२० साली दोनशे कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांवर जो निर्बंध आला होता आणि ज्यामुळे परदेशातच बनणाऱ्या उपकरणासाठीही दिल्लीची अनुमती मागावी लागे, तो अनुमतीचा अधिकार कुलगुरूंना आणि संचालकांना देण्यात आला. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे जे मागितले ते बरेचसे मिळाले. पण आदेशाची गती तारेची असते आणि सवयीची बैलगाडीची. नवी मर्यादा आली तरी जुना तक्ता टेबलाच्या काचेखालून हललेला नव्हता. अर्थात हा आदेश कोणत्या संस्थेला, कोणत्या निधीला लागू आहे हे पुन्हा मागल्या पानांवरूनच ठरते. आणि ज्या संस्थेने स्वतःच्या ठरावाने शासनाहून कडक मर्यादा घालून घेतल्या आहेत, तिला शासनाने कितीही सैल सोडले तरी ती आपल्याच दोरीने बांधलेली राहते.

सामाजिक शास्त्रांच्या प्रकल्पांत खरेदी थोडी आणि माणसे फार, म्हणून तेथे पेच निराळे. गावोगाव फिरून पाहणी करणाऱ्या मुलांच्या पावत्यांचे गठ्ठे मी तेथे चाळले आहेत. जीपवाल्याचे बिल वहीच्या फाडलेल्या पानावर, चहाफराळाचे तर नाहीच, आणि दुभाषाचे काम केलेल्या आजीबाईंचा अंगठा. ह्या प्रत्येक पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट चिकटवलेले होते, जरी पाच हजार रुपयांपर्यंतच्या पावतीला त्याची गरज नाही. ‘असलेलं बरं’ हे त्याचे कारण. जेथे बिल मिळणेच अशक्य, तेथे मॅडम कसे वागतात हे पाहण्यासारखे होते. त्या पावती नसल्याबद्दल कुरकुर करीत नाहीत. कोण, कोठे, कोणत्या दिवशी, कशासाठी आणि किती, इतके पाच मुद्दे असलेला दाखला खर्च करणाऱ्याकडून त्याच आठवड्यात लिहून घेतात, आणि तो प्रकल्पप्रमुखाकडून साक्षांकित करवितात. सहा महिन्यांनी लिहिलेला दाखला कितीही खरा असला तरी त्याला रचल्याचा वास येतो, असे त्यांचे म्हणणे, आणि लेखापरीक्षकांचेही तेच.

मग मार्च येतो. १८६७ पासून ह्या देशाचे सरकारी वर्ष एकतीस मार्चला संपते, आणि प्रयोगशाळेतील कोणतेही काम त्या तारखेला संपत नाही. वर्षाच्या अखेरीस खर्चाची घाई करणे हा वित्तीय औचित्याचा भंग होय, असे बासष्टावा नियम सांगतो. पण त्याच संहितेच्या छायेत अनुदानाचा हप्ता जानेवारीत येतो, आणि शिल्लक दिसली तर पुढच्या वर्षी कात्री लागेल ही धास्ती असते. ह्या एका बाबतीत मी संशोधकांच्या बाजूचा आहे. पूर्वी पैसा निदान संस्थेच्या बँकखात्यात पडून राही. आता बऱ्याच योजनांत शून्य शिलकीचे खाते असते, खर्च करण्याच्या क्षणी तो शासनाच्या तिजोरीतून उतरतो, आणि वर्षअखेरीस न वापरलेली मर्यादा आपोआप लोप पावते. व्याजाची तक्रार त्यामुळे मिटली. पूर्वीच्या अनुदानांवर साठलेले व्याज मात्र संस्थेचे नसून भारताच्या संचित निधीचे असते आणि ते ‘भारतकोश’ ह्या शासकीय संकेतस्थळावर भरावेच लागते, हे अनेकांना पहिल्या लेखापरीक्षणात कळते.

वर्षाचा हा सारा व्यवहार अखेर एका तक्त्यात उतरतो, तो म्हणजे ‘बारा-अ’ नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र. आरंभीची शिल्लक, व्याज, परत केलेले व्याज, मिळालेले अनुदान, आवर्ती व अनावर्ती खर्च, अखेरची शिल्लक. आणि खाली, हिशेब नीट ठेवले आहेत, जबाबदाऱ्या वाटून दिल्या आहेत, पैसा ज्या कामासाठी होता त्याच कामी लागला आहे, अशी कलमे. मॅडम ते सहीला पाठविण्यापूर्वी प्रत्येक आकडा खतावणीशी रुजू घालून पाहतात, आणि लेखापरीक्षित ताळेबंदाशी एक रुपयाचाही फरक निघाला तर तो सापडेपर्यंत कोणालाही घरी जाऊ देत नाहीत. कारण हा कागद अडला की पुढल्या वर्षाच्या अनुदानाचा पाऊण हिस्सा ओलांडता येत नाही, आणि त्या अडलेल्या पावात एखाद्या संशोधन-साहाय्यकाचे पगार असतात.

हे सारे आपल्याकडचेच कर्मकांड आहे, असा समज असणाऱ्यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे उदाहरण पाहावे. संघराज्य शासनाच्या संशोधन-करारांवर तेथे जो वरकड खर्च आकारला जाई, त्यात विद्यापीठाच्या एका क्रीडानौकेची घसारा-रक्कमही शिरली असल्याचे १९९०-९१ च्या सुमारास उघडकीस आले. नौदलाच्या एका अधिकाऱ्याने ते उकरले, संसदीय समितीपुढे सुनावणी झाली, आणि अध्यक्ष डोनाल्ड केनेडी ह्यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. वरकड खर्च हा आपल्याकडेही सर्वांत धूसर प्रांत आहे: वीज, पाणी, ग्रंथालय, मॅडमचे स्वतःचे वेतन, ह्यांचा किती भाग कोणत्या प्रकल्पाचा? आपल्या अनुदानदात्यांनी ह्यावर टक्केवारी ठरवून प्रश्न मिटविला आहे. ती टक्केवारी तुटपुंजी असते, पण निदान तिच्यात नौका मावत नाही.

प्रकल्प संपला, अहवाल गेला, शिल्लक परत गेली, तरी नस्ती बंद होत नाही, कारण वस्तू उरतात. अनुदानातून घेतलेली मत्ता अनुदानदात्याच्या अनुमतीवाचून विकता, मोडता किंवा दुसऱ्या कामी लावता येत नाही, आणि स्थावर-जंगम नोंदवहीतील प्रत्येक वस्तूची वर्षातून एकदा प्रत्यक्ष पडताळणी करावी लागते. त्या दप्तराच्या माळ्यावर एका फार जुन्या पाहणीचे पाच संगणक आहेत. ते चालू होत नाहीत. ते निर्लेखित करण्याची परवानगी मागणारी पत्रे नस्तीत लावलेली आहेत, उत्तर आलेले नाही. म्हणून दर एप्रिलात एक कारकून शिडी लावून वर चढतो, प्रत्येकावरील क्रमांक मोठ्याने वाचतो, खाली उभा असलेला दुसरा तो वहीशी ताडून पाहतो, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहितो, ‘जागेवर आहे’.