एआय धोरण संशोधक नेमके काय करतो?

एआय आणि राष्ट्रीय सुरक्षा म्हटले की डोळ्यांसमोर कोड लिहिणारा अभियंता येतो, नाहीतर गुप्तहेर. तसे वाटणे साहजिक आहे, पण धोरण संशोधकाचे काम वेगळे असते: तंत्रज्ञानातून देशाला कोणता धोका संभवतो हे तपासणे आणि त्यावर नियम सुचवणे. इंजिन कारखान्यात बनते. वेगमर्यादा ठरवायला मात्र रस्त्यावरचे अपघात अभ्यासावे लागतात.

अमेरिकेतले उदाहरण बोलके आहे. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी तिथल्या वाणिज्य खात्याने चीनला जाणाऱ्या, एआयसाठी लागणाऱ्या प्रगत चिपवर निर्यात नियंत्रण (कोणती वस्तू कोणाला विकायची नाही याचे नियम) लावले. एनव्हिडिया या चिप कंपनीची ए१०० चिप अडली. कंपनीने ए८०० आणली. गणनक्षमता तीच, फक्त चिपांमधली माहितीची देवाणघेवाण सेकंदाला ६०० ऐवजी ४०० गिगाबाइट. ती नियमात बसली! ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम बदलून तीही रोखण्यात आली.

अशी फट हेरायला चिपचे माहितीपत्रक आणि कायद्याचा मसुदा, दोन्ही वाचता यावे लागतात. चिनी कागदपत्रे वाचणारे भाषातज्ज्ञही लागतात. तेव्हा कायदा, अर्थशास्त्र किंवा परकीय भाषा शिकणाऱ्यांनी हे क्षेत्र आपले नाही असे समजू नये.