कुंभकर्ण नव्हे, नार्कोलेप्सी

नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराचं नाव काढलं की कुणीतरी हसून म्हणतंच, ‘म्हणजे कुंभकर्ण!’ पाठोपाठ सल्ले: मोबाइल बाजूला ठेव, लवकर झोप, सकाळी गार पाण्याने आंघोळ कर. ऐकून ऐकून कान किटले.

कुंभकर्ण सहा-सहा महिने सलग झोपायचा. नार्कोलेप्सी असलेल्याला सलग रात्रभर झोप लागणंच मुश्कील. चोवीस तासांचा हिशेब मांडला तर त्याची एकूण झोप साधारण इतरांएवढीच भरते. फक्त रात्री सारखी जाग येते आणि दिवसा डोळे मिटतात. झोप आणि जाग यांच्यामधल्या दाराची कडीच निखळलेली असते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या काही पेशी हायपोक्रेटिन हे रसायन तयार करून जाग टिकवतात. ते १९९८मध्ये सापडलं. २०००मध्ये मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा या पेशी ८५ ते ९५ टक्क्यांनी घटलेल्या आढळल्या. त्या गार पाण्याने परत येणार आहेत का?

आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो, म्हणून ‘आळशी’ हा शिक्का शाळेतच बसतो. अशा मुलाची वही बघा. तीन ओळी सुबक, चौथी खाली घसरलेली, मग अक्षरांच्या नुसत्या अळ्या. हात लिहीत होता, मेंदू झोपला होता. बाई लाल शाईने ‘लक्ष नाही’ लिहून मोकळ्या होतात, आणि निदानाला पुढे कित्येक वर्षं जातात.

निदानाची चाचणी आहे. रात्रीच्या झोपेची नोंद घेतल्यावर (जागरणामुळे असं झालेलं नाही ना, हे आधी बघावं लागतं) दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांनी चार-पाचदा झोपायला सांगतात. सरासरी आठ मिनिटांत डोळा लागला आणि निदान दोनदा पंधरा मिनिटांच्या आत स्वप्नांची झोप सुरू झाली, तर नार्कोलेप्सी धरतात. एरवी त्या झोपेपर्यंत पोचायला तासभर तरी लागतो. हे सोंग आणून दाखवाच!

बाकीचं थोडक्यात. या आजारात जोरात हसल्यावर गुडघे गळून खाली बसणं ही फिट नव्हे. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, सगळं ऐकत असतो; नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नका. जाग येताना अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, ती बाहेरची बाधा नाही: स्वप्नांच्या झोपेतली स्नायूंची शिथिलता जरा रेंगाळलेली असते. आजार मुळातून बरा होत नाही, पण मोडाफिनिलसारख्या औषधांनी आटोक्यात राहतो. जोडीला दुपारी पंधरा-वीस मिनिटांची ठरवून घेतलेली डुलकी. शाळेत त्यासाठी एक रिकामा बाक पुरतो.